धुरपतामायची अ‍ॅम्बेसेडर

आमगावचे मनिराम गजभिये एसटीत कंडक्टर होते. २००६ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि लगेच राइस मिलवाल्या हुकुमचंद पटलेंची बंद अ‍ॅम्बेसेडर ट्रॅक्टरला बांधून घरी घेऊन आले. गाडी मिलच्या मागे दहा-अकरा वर्षं उभी होती. पटलेंना तिथं गोदाम बांधायचं होतं, म्हणून त्यांनी ती भंगाराच्या भावात देऊन टाकली. मागची चाकं जाम होती. ती फिरायच्या ऐवजी घासत आली, आणि बाजारातली माणसं गंमत बघत सोबत चालत आली.

त्यांच्या पत्नी नीलाबाई दारातच उभ्या होत्या. "हे कायले आनलं? घरातलं भंगार कमी पडून राहिलं का झाडाले?"

"मायले नागपूरले न्यायचं हाये," मनिराम म्हणाले.

माय म्हणजे त्यांची आई धुरपता. पंचाहत्तरी ओलांडलेली. छप्पन साली आठ वर्षांच्या मनिरामचा हात धरून ती दीक्षाभूमीवर गेली होती. पुढं कितीतरी दसऱ्यांना जात राहिली. मग गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, आणि जाणं सुटलं. यंदाच्या दसऱ्याला त्या दिवसाला पन्नास वर्षं होणार होती.

"जलमभर लोकायच्या मायायले हात देऊन एसटीत चढवलं," मनिराम म्हणाले, "आन् आपली माय घरात बसून हाये."

नीलाबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाल्या, "करा. पन फंडाले हात लावाचा नाही. त्यातून घरावर स्लॅब टाकाचा हाये."

हायवेवरच्या कोहमाऱ्याला ट्रक दुरुस्त करणारा श्यामलाल मिस्त्री मनिरामांच्या ओळखीचा होता. रविवारी मोटरसायकलवर आला. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरमध्ये उंदरांचं अख्खं कुटुंब. वायरी कुरतडलेल्या, पेट्रोलच्या टाकीत नुसता गंज.

"पहिले इंजिन चालू करून पाहू," मनिराम उतावीळ.

"नहीं चाचा. पहले रुकना सीखेगी, फिर चलना," श्यामलाल म्हणाला आणि चाकं खोलायला बसला.

मनिरामांना गाडीला पांढराशुभ्र रंग मारायचा होता. रंग आणि ब्रेक, दोन्हींना पैसा पुरत नव्हता. नीलाबाईंनी निकाल दिला, "रंग पाहून गाडी थांबते का?" रंग राहिला, ब्रेकचं सामान नवं आलं. टायरही नवे घेतले. बाकी सगळं जुनंच: डायनामो गोंदियाच्या भंगारातून, गळका रेडिएटर झाळून घेतलेला. गंज निघावा म्हणून टाकी उतरवून तिच्यात गिट्टी टाकली आणि मनिरामांनी दोन दिवस ती अंगणात हलवली. खडखडाट ऐकून शेजारी विचारायचे, कुणाच्या लग्नाचा बाजा आहे? सीट फाटल्या होत्या, तर नीलाबाईंनी मनिरामांच्या खाकी गणवेशांची खोळ शिवली. एका सीटला शर्टाचा खिसा तसाच राहिला. धुरपतामायनं त्यात सुपारी ठेवली.

इंजिन मात्र रुसलेलं. आतलं जाम सुटावं म्हणून श्यामलालनं प्लग काढून तेल सोडलं आणि पुढचा रविवार येईपर्यंत हात लावू नका म्हणून बजावलं. त्या रविवारी हॅन्डल मारलं. एकदा, दोनदा, आणि मग काळा धूर सोडत गाडी अशी खोकली की कोंबड्या छपरावर चढल्या. मनिरामांनी श्यामलालला मिठीच मारली.

डेपोतल्या जुन्या ड्रायव्हर दोस्तानं त्यांना गाडी शिकवली. सवय अशी की प्रत्येक बसथांब्यावर मनिरामांचा पाय आपोआप ब्रेकवर. दोस्त ओरडायचा, "अरे, कोन चढून राहिलं?" परवाना मिळाला, कागद नावावर झाले, तपासणीत गाडी पासही झाली.

आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी इंजिनचं हेड गॅस्केट फुटलं आणि गाडी बंद पडली. सामान नागपूरहून यायला वेळ होता. मनिराम पायरीवर डोकं धरून बसले. त्या रात्री जेवलेही नाहीत. सकाळी माय भिंतीला धरत त्यांच्याजवळ आली.

"काऊन रडून राहिला बे? बाबासाहेबायले का फक्त दसऱ्यालेच भेटावं लागते? गर्दीत मले कोन पाहू देते? गर्दी सरल्यावर मांगून जाऊ."

म्हणून ते नोव्हेंबरात निघाले, धान कापणीच्या दिवसांत. माय मागे पांढऱ्या लुगड्यात, शेजारी नीलाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन. वाटेत दोनदा रेडिएटरचं पाणी उकळलं, दोनदा थंड होईपर्यंत सावलीत बसले. दुपारी दीक्षाभूमीवर पोचले तेव्हा आवार मोकळं होतं. मनिरामांनी दार उघडून हात दिला. माय हळूहळू आत गेली, हात जोडले, आणि तिथंच फरशीवर बसली. कुणी ढकलत नव्हतं, कुणी पुढं चला म्हणत नव्हतं. तिला हवं तेवढं बसू दिलं.

मुक्काम नात्यात केला. दुसऱ्या दिवशी परतताना चहाला कोहमाऱ्याच्या ढाब्यावर थांबले. श्यामलालनं सगळ्या ढाब्याला बोलावून गाडी दाखवली. एका ट्रकवाल्यानं विचारलं, "चाचा, बेचोगे?"

मनिराम काही बोलायच्या आत मागच्या खिडकीतून मायचा आवाज आला, "नाही देत! अजून मले बहिनीकडे सालेकशाले जायचं हाये, मंग पुतन्याच्या लग्नाले, मंग डोये दाखवाले गोंदियाले..."

ती सांगतच राहिली. चहा निवला.