आजोबांचं शेवटचं पाणी

एमबीएच्या प्रवेश परीक्षेला आठवडा उरला आणि आमच्या आजोबांनी मरायला घेतलं. मी जालन्यातली खोली सोडून उजळणीसाठी हसनाबादला घरी आले, तर त्यांची खाट बैठकीत आणलेली आणि पाहुणे सतरंजीवर. वडिलांनी मला एकच संधी दिली होती. "एकदा बस परीक्षेला. जमलं तर शीक, न्हाई तर स्थळं बघायला लागू."

मरणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं. आमच्याकडे तो मान मुलाचा. पण 'पोरीला आणखी शिकवून काय करायचं' म्हणणाऱ्या या म्हाताऱ्याला नेमका आताच माझा पुळका आला. "नातीच्या हातचं पाणी घेऊनच जाईन," तो सगळ्यांसमोर म्हणाला. आत्याला रडू फुटलं. "नशीबवान हायेस," ती मला म्हणाली. "तसंही तू दिवसभर बसूनच राह्यली ना? मंग इथंच बस."

बसले. उशाशी तांब्या आणि चमचा, मांडीवर मोबाइल, त्यात सराव परीक्षा. भावकीला माझाच नंबर दिलेला. वेळ लावून पेपर सुरू करावा, की फोन, "हायेत का अजून?" "हायेत," म्हणायचं आणि गोल टेबलाभोवती कोण कुणाच्या डावीकडे बसलंय, ते पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. म्हाताऱ्याला घरघर लागली की सगळे धावत यायचे. मी चमचा पुढे करायचे, तो गिळायचा आणि झोपी जायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. तो गेला तर सुतकात मला केंद्रावर कोण नेणार, म्हणून रविवारपर्यंत टिकावा असं वाटायचं. जगावा असं एकदाही वाटलं नाही.

शनिवारी वडिलांना विचारलं, "उद्या संभाजीनगरला निघायचं ना?"

वडील काही बोलायच्या आत म्हाताऱ्यानं डोळे न उघडता माझी ओढणी धरली. "मी काय अडवून राह्यलो का? जाऊ द्या तिला. माझ्या तोंडात पाणी पडलं काय अन् न्हाई पडलं काय."

झालं. वडिलांनी गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

रविवारी पेपर सुरू झाला तेव्हा मी खाटेशी चमचा घेऊन बसले होते. सोमवारी म्हाताऱ्यानं दुधात भाकर कुस्करून मागितली. मंगळवारी ओट्यावर जाऊन बसला. पोरीच्या हाताला गुण हाय, असं गावभर झालं. मी वडिलांकडे पुढच्या वर्षाचा विषय काढला. "संधी दिल्ती की," ते म्हणाले. "तूच गेली न्हाई."

दिवाळीनंतर माझं लग्न झालं. म्हातारा काठी न घेता मांडवात उभा राहिला आणि त्यानं अक्षता टाकल्या. अजून आहे. माहेरी गेले की माझ्याच हातून पाणी मागतो. घोट घेतो, मिशा पुसतो आणि लाडानं म्हणतो, "बघ, तुझ्यासाठीच थांबून राह्यलो."