धुपाच्या वेळची घंटा

पुण्याच्या विद्यापीठात आमचे संशोधन एका बंद, काळ्या रंगाने लिंपलेल्या खोलीत चाले. एका भिंतीकडून निघालेला लाल किरण समोरच्या, प्रकाश टिपणाऱ्या विद्युतघटावर पडे. मध्ये कोणी आले की तो तुटे आणि घंटा वाजे. शोधनिबंध छापून आला तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांचे काम संपले. माझे तिथून सुरू झाले. हे यंत्र पत्र्याच्या पेटीत बसून बाजारात विकले जावे आणि आतली जोडणी माझी असावी, ही ओढ मला स्वस्थ बसू देईना.

नगरला रेडिओदुरुस्तीतून वर आलेले एक कारखानदार होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एकच अट घातली: एखाद्या पेढीवर यंत्र चालवून दाखवा; पेढीवाला चांगले म्हणाला, तर पुढची मी बनवतो. म्हणून संगमनेरला, वडिलांच्या ओळखीच्या एका वृद्ध सराफकाकांच्या पेढीत, तिजोरीच्या खोलीत मी ते बसवले.

थोड्याच दिवसांत निरोप आला की रोज पेढी बंद करताच घंटा वाजते. जाऊन पाहिले. दिवेलागणीला काका तिजोरीला हळदकुंकू वाहत, निखाऱ्यांवर धूप घालत, धुपाटणे तसेच धुमसत ठेवून दार लावत आणि बाहेरून यंत्राची कळ दाबत. कोंडलेल्या धुराने किरण मंदावे आणि यंत्राला वाटे, चोर आला. आमच्या प्रयोगशाळेत धूप कधी कोणी जाळलाच नव्हता.

धुपाटणे बाहेर ठेवता येईल का, असे मी विचारले.

“मग लक्ष्मीलाच बाहेर बसवू का, ताई?” काका म्हणाले. “आणि चोराला आत?”

पेढीवरचे सगळे हसले. मलाही हसू आवरले नाही.

परतीच्या एस.टी.त उत्तर सापडले. धूर सावकाश येतो, माणूस एकदम येतो. प्रकाश हळूहळू कमी झाला तर दुर्लक्ष करावे, अचानक तुटला तरच वाजावे, अशी जोडणी करायला हवी होती. ती साधेपर्यंत गणपती होऊन गेले. दसऱ्याच्या सुमारास मी ती बसवली. काकांनी धूप घातला, दार लावले, कळ दाबली. शांतता. दार उघडून मी किरणात हात घातला, तेव्हा घंटा खणखणली. पुण्यापर्यंत त्या शांततेनेच मला सोबत केली.

दिवाळीनंतर अभिप्राय घ्यायला गेले. काकांनी चहा मागवला आणि जरा संकोचून म्हणाले, “ही मुकी झाली हो.”

न वाजणे हाच तिचा गुण आहे, हे मी त्यांना समजावले.

“असेल. पण ती नीट आहे की बिघडलीय, हे मला कसं कळावं? आधी धूप दाखवला की वाजायची. पेठ म्हणायची, काकांची लक्ष्मी बोलली, चला, दुकानांच्या फळ्या लावा.”

तपासणीसाठी वेगळी कळ बसवून देते, असे मी म्हटले.

“माझ्या बोटानं वाजली तर ती मी वाजवली,” ते म्हणाले. “जुनीच बसवून द्या. चांगली आहे, असं मी स्वतः नगरला सांगतो.”

मी ती बसवून दिली. काकांनी शब्द पाळला, भरभरून सांगितले. कारखानदारांनी ऐकून घेतले आणि मला सौम्यपणे विचारले, की धुराला वाजणारी घंटा दुसरी कोणती पेढी विकत घेईल? नवी जोडणी चालते, हे माझ्याखेरीज कोणी म्हणत नव्हते, आणि माझे म्हणणे अटीत बसत नव्हते.

ती जोडणी माझ्या खोलीत खिडकीशी आहे. शेजारच्या घरातून धुपाचा वास आला की हातातले काम थांबते. या घटकेला संगमनेरात घंटा वाजत असणार, पेठेतल्या फळ्या लागत असणार. एका संध्याकाळी तरी ती धुरात गप्प राहावी, आणि काकांनी दाराशी क्षणभर ऐकून, निर्धास्तपणे घरची वाट धरावी, असे मला अजूनही वाटते.