हौसाचा उजवा डोळा

चार वर्षं हौसाच्या उजव्या गालात कळ उठायची, वीज कडाडावी तशी. वारा लागला तरी, पेजेचा घोट घेतला तरी. दाताचं दुखणं म्हणून तीन दाढा उपटून झाल्या, देवाला कौल लावून झाला, पण छे! शेवटी भावाने, लवूने, तिला मुंबईला नेलं आणि १९८६ साली तिथल्या डॉक्टरांनी ती नसच जाळून टाकली. कळ गेली ती गेलीच. पहिली भाकरी चावताना बाई ढसाढसा रडली.

गाल मात्र बधिर झाला आणि डोळाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळ्यात काही गेलं तर तुम्हाला कळणार नाही. रोज आरशात बघायचं. लाल दिसला की धावत यायचं." हौसाने मान डोलावली. पण आरसा तर तिने नवरा गेला तेव्हाच सुनेला देऊन टाकलेला. कपाळाला कुंकू नाही त्या बाईने आरशासमोर उभं राहायचं? लोक तोंडात शेण घालतील! सुनेला डोळा बघायला सांगावं, तर तेही जिवावर आलं. हौसाही शहाणीच! कळ परत येईल म्हणून रोज उठल्या उठल्या घाबरत गाल चाचपायची, डोळ्याची आठवणसुद्धा नाही.

मिरजोळ्याच्या काजू कारखान्यात ती पुन्हा बिया फोडायला बसली. सालीचं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख चोळतात. घाम पुसताना तोच हात डोळ्याला कधी लागला, देव जाणे. तिसऱ्या आठवड्यात शेजारची मैना ओरडली, "अगो हौसे, डोळा बघ तुझा! लालभडक झालाय!"

हौसाने डावा डोळा झाकला. मैना दिसेचना.

रत्नागिरीतल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "बुबुळावर जखम आहे. कापसाचं टोक लावून बघतो. कळलं तर थेंबांवर भागेल. नाही कळलं तर पापण्या शिवाव्या लागतील, नाहीतर डोळा जाईल."

शिवणार? हौसाला दरदरून घाम फुटला. दुखू नये म्हणून चार वर्षं नवस बोलणारी बाई, आता मनात गयावया करत होती, दुख रे बाबा, एकदा तरी दुख!

"वर बघा," डॉक्टर म्हणाले. हौसाने खुर्ची घट्ट धरली.

"आई गं! लागलं, लागलं हो डॉक्टर!"

डॉक्टर अजून हातातला कापूसच वळत होते.