वडाची सीट

गंगापूरच्या जीपा ज्या वडाखाली लागतात, तिथला हा ड्रायव्हर. नाव कधी विचारलं नाही. शेजारच्या सीटवर तिघं कोंबल्याशिवाय तो गाडी हलवत नसे. "सरका, लई जागा हाय!"

वादळात वड कलला. लोखंडी टेकू द्या, नाहीतर तोडावा लागेल, असं ठरलं आणि वर्गणी सुरू झाली. तेव्हापासून त्या सीटवर एकच माणूस. भाडं तिप्पट, आणि ते सगळं वर्गणीच्या डब्यात. दुसरा कुणी चढला की खेकसायचा, "उतर! वडाची सीट हाय ती."

काल टेकू लागलेले दिसले. सावली जागच्या जागी होती. मी पुढं ऐसपैस बसलो, तर त्यानं दोन दांडगे माझ्या अंगावर लोटले.

"वड राह्यला उभा. आता सरका, भाऊ!"

मी खुशीत सरकलो.