पोळ्याच्या दिवशी चढलेलं पाणी

"नऊ दिवस पाऊस नाही, और नाले का पानी दीड फुट चढ़ गया?" साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "घर बैठके लिखता है तुम्हारा सोमाजी. निकालो उसको."

इचोड्याजवळच्या एका नाल्यात आमच्या ऑफिसचा गेज होता. गेज म्हणजे पाण्यात उभी रोवलेली फूट-इंचांची पट्टी. सोमाजीमामा रोज सकाळी आठला तिच्यावरचा आकडा लिहीत. नोकरी रोजंदारीची. किती पाऊस पडला की नाल्यात किती पाणी येतं, याचं मॉडेल मी त्या आकड्यांवरून बनवत होतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वडिलांना मॉडेल म्हणजे निर्मल गावात बनणारं लाकडी खेळणं वाटे. होतं ते निव्वळ गणित, आणि या एका आकड्याने ते बिघडलं होतं.

साहेबांसमोर माझा आवाज निघत नसे. तरी म्हणालो, "सर, एकदा जाऊन पाहू?"

"जाओ. पर सोमवार से नया आदमी."

मामा गेजपाशीच भेटले. मी चाचरत विचारलं, "मामा, हा आकडा खरा आहे ना?"

"काऊन? मी का घरी बसून लिवतो? त्या दिवशी आमी नाला आडवला होता."

"कशाला?"

मामा माझ्याकडे पाहतच राहिले. "बाबू, पोळा होता ना! बैलं कुठं धुवाची? तुमच्या ऑफिसात?"

दर पोळ्याला गाव गेजच्या खालच्या अंगाला दगडमातीचा बांध घालायचं. पाणी वाढलं नव्हतं, तुंबलं होतं. पोळ्याची सुट्टी मी स्वतः घेतली होती, पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. तारीख मात्र ओळखली नव्हती.

"मग आकड्याशेजारी शेऱ्याच्या रकान्यात का नाही लिहिलं?"

"मागं लिवलं होतं, म्हशीनं आंग घासलं, पट्टी वाकली. तुमचे साहेब म्हने, आकडे लिव, कहानी नको लिवू."

परत येऊन मी सांगितलं, पण साहेबांना हे पटेना. "दिखाओ," म्हणत सोमवारी ते जीपने आलेच. गाव हौसेने जमलं आणि बांध घालू लागलं. साहेबांनी नवे बूट काठच्या दगडावर ठेवले, पँट दुमडली आणि पट्टीपाशी उभे राहिले.

"एक फुट... सवा फुट..." मोजण्यात ते इतके रंगले की मागचा दगड बुडाल्याचं त्यांना कळलंच नाही. बूट तरंगले. एक मी पकडला. दुसरा वाचवायला, पाणी उतरावं म्हणून ड्रायव्हरने घाईघाईने बांध फोडला. पाणी उतरलं. बूटही त्याच फटीतून निघाला.

"धावा रे," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "साहेबाचा बैल सुटला!"

बूट सापडला नाही. उरलेला हातात धरून साहेब मामांना म्हणाले, "लिखो. बांध डाला, पानी चढ़ा."

"आन् बूट लिवू का, साहेब?"

"बूट मत लिखो."

मामांची नोकरी राहिली. पट्टी पाण्याची उंची सांगते, ते का चढलं हे सांगत नाही, एवढं मी शिकलो. तेव्हापासून कुठलंही रजिस्टर आलं की आधी शेरा वाचतो. पुढच्या वर्षी मामांनी शेऱ्यात लिहिलं होतं: 'पोळा. नाला आडवला. या वर्षी बूट न्हाई.'