गिधाडाची पिसं

तेवीस वर्षांची असताना मी देहूरोडच्या एका शाळेत शिकवत होते. भाऊ तिथल्या लष्करी डेपोत कारकून होता, मी त्याच्याच घरी राहायची. एकदा शाळेची अडगळीची खोली आवरताना दोन धनुष्यं आणि अठरा बाण सापडले. छावणीतून जाताना कुणा गोऱ्या साहेबाने दिले असावेत. बाण सरळ होते, पण मागच्या पिसांना कसर लागली होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "बंबात घाला."

"मी दुरुस्त करते, सर. मुलींना शिकवीन."

"मुलींना लेझीम आहे, बाई. पुरे."

मी बाण घरी नेले.

आमच्याकडे दूध घालणारे तळवड्याचे म्हातारे बाबा तरुणपणी रानडुकरांवर बाण चालवायचे. त्यांनी एक बाण डोळ्यासमोर धरून पाहिला. "काडी झकास हाय. पिसं गिधाडाची लावा, टिकत्यात. पर एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची. डावी-उजवी मिसळली की बाण डुलतो."

गावाबाहेर मेलेली ढोरं टाकत, तिथे गिधाडं उतरत. दोन रविवार मी नाकाला पदर लावून पिसं वेचली. वहिनीने दारातच अडवलं.

"वन्सं, हे अभद्र घरात नको. परवा तुम्हाला बघायला यायचेत."

"मग मागच्या पडवीत करते. पण करणार."

दुसऱ्या दिवशी भावाने सुताराकडून सरस तेवढा आणून दिला.

जुनी पिसं बोथट सुरीने खरवडायची. मी धारदार घेतली आणि पहिल्याच बाणाचं लाकूड तासून बसले. मग सावकाश शिकले. उरलेला सरस काचकागदाने घासायचा, नवं पीस कण्यावर मधोमध चिरायचं, चिकटवायचं, वाळेपर्यंत दोऱ्याने बांधून ठेवायचं. बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, वास कसला येतोय? मी खरं ते सांगितलं. त्यांचा निरोप आला नाही. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, त्याचं मात्र वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानात पेंढ्याचा भारा उभा केला. अकरा मुली थांबल्या. तिसऱ्या मुलीचा बाण भाऱ्यात रुतला तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

"कुणाला विचारून चाललंय?"

"तुम्ही जाळायला सांगितलेले बाण आहेत, सर."

"मैदान शाळेचं आहे."

ते खरं होतं. म्हणून त्यानंतरच्या शनिवारी आम्ही बाबांच्या कापणी झालेल्या शेतात गेलो. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून घेतलं, तेव्हा अकराच्या सहा झाल्या. त्या सहाजणी शेवटपर्यंत आल्या. मला लेखी माफी मागायला सांगितलं. मी लिहून दिलं, "शाळा सुटल्यावर मी मुलींना नेम धरायला शिकवते. यात माफी मागण्यासारखं मला काही दिसत नाही."

वर्षअखेर नोकरी गेली. निघण्यापूर्वी मी सहाही जणींना पिसं लावायला शिकवलं. पडवीत सहाजणी सुऱ्या घेऊन बसल्या आणि वहिनीने न सांगता सगळ्यांना चहा दिला.

"माफी लिहून दिली असतीस, तर राहिली असती नोकरी," भाऊ म्हणाला.

"राहिली असती," मी म्हणाले, आणि पुढचा बाण हातात घेतला.