ताटावरचा आडवा हात

आमच्या दाजींच्या मते पोटभर जेवलेला माणूस जगात अजून जन्माला आलेला नव्हता. जो ‘पुरे’ म्हणतो तो संकोचाने खोटं बोलतो, आणि त्याला त्या खोट्यातून सोडवणं हे आपलं काम आहे, असा त्यांचा ठाम समज होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हसनाबादचे. शेती करत, पण मला ते आठवतात ते हातात वाढायची बादली घेऊनच. पंगत ओळखीची असो की बिनओळखीची, दाजी उपरणं कमरेला गुंडाळून उभे. एकदा राजूरच्या गणपतीला गेलो, तर दर्शनाच्या रांगेतूनच त्यांना प्रसादाची पंगत दिसली. आमचं दर्शन झालं, बहिणीच्या बांगड्या भरून झाल्या, तरी हे भाजी वाढतच होते. देवाचं राहिलं म्हटल्यावर म्हणाले, “देव काय उपाशी हाये का?” दवाखान्यात एका हाताला सलाइन लावलेलं असताना दुसऱ्या हाताने ते शेजारच्या खाटांवर घरचा डबा वाटत होते. नर्स रागवायला आली आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन गेली. ताटावर आडवा हात धरून त्यांच्यापासून सुटका नसे. ते भांडत नसत, नुसते उभे राहत. हात अवघडून बाजूला झाला की जिलबी पडे.

म्हणूनच माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मला दाजींचीच धास्ती होती. स्थळ पुण्याचं. मुलाला मुलगी आवडली होती, मुलीला मुलगा. फक्त मुलाच्या आईचा होकार यायचा होता, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच होता. सगळ्यांची निवांत भेट व्हावी म्हणून त्यांनी आम्हाला रविवारी संभाजीनगरच्या एका फ्रेंच हॉटेलात ब्रंचला बोलावलं. दाजींना वगळून जाणं शक्य नव्हतं. जालन्याहून निघतानाच मी त्यांच्याकडून खुर्चीवरून न उठण्याचं वचन घेतलं. “बिलकुल उठणार न्हाई,” ते म्हणाले.

पांढरीशुभ्र टेबलं, हळू आवाजातलं संगीत, आणि लांबलचक ओट्यावर मांडलेले पदार्थ. लोक आपापली ताटली घेऊन पदार्थांसमोरून फिरत होते. दाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि माझ्या कानाशी लागले, “वाढपी आले न्हाईत का आज?” इथे ज्याचं त्याने घ्यायचं असतं, असं मी सांगितलं. घरात कोणी गेल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला.

मी उठून ओट्याकडे गेलो. पुस्तकात वाचलेली नावं तिथल्या चिठ्ठ्यांवर पाहिली, पण एकही उच्चारण्याचा धीर होईना. तीन निनावी पदार्थ घेऊन परतलो तर दाजींची खुर्ची रिकामी. उपरणं कमरेला, हातात चंद्रकोरीसारख्या पावांचा अख्खा ट्रे, आणि समोर एक अनोळखी कुटुंब. “घ्या हो, गरम हायेत. लेकराला द्या अजून एक.” मग दुसरं टेबल. सुटातला मॅनेजर आमच्याकडे आला आणि हे गृहस्थ कोणाबरोबर आले आहेत, असं अदबीने विचारू लागला. माझ्याबरोबर, असं मी इतक्या हळू म्हणालो की त्याला पुन्हा विचारावं लागलं. मुलीकडे पाहायची हिंमत नव्हती.

तोवर दाजी मुलाच्या आईसमोर पोचले होते. बाईंनी ताटलीवर आडवा हात धरला. डाएट आहे म्हणाल्या, शुद्ध पुणेरी स्वरात. दाजी हलले नाहीत.

“ताई, आल्यापासून तुमचं ताट कोरडं हाये. एक घास घ्या, मंग डाएट.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात काढला. “दाजी, त्यातलं काय घ्यावं तेच कळून न्हाई राह्यलं,” त्या हळूच म्हणाल्या. “हसतील लोकं, म्हणून उठलेच न्हाई.”

“मलाबी न्हाई कळून राह्यलं. तोंडात टाका, कळंल.”

बाईंचं माहेर आमच्याच जालन्याकडचं, तीर्थपुरी निघालं. पुण्यात कधी कोणाला न सांगितलेलं ते त्या पावाबरोबर बाहेर आलं. मी दाजींची लाज धरून बसलो होतो, त्या स्वतःची, आणि आम्ही दोघंही उपाशी होतो. तारीख तिथेच ठरली. लग्नात पंगतच हवी, ही विहीणबाईंची एकमेव अट होती.

गेल्या महिन्यात दाजी गेले. तेरवीला हसनाबादला मंडपात बुफे होता. वाढायला माणसं मिळत नाहीत, भाचा ओशाळून म्हणाला. मी ताट भरून घेतलं, पण खाववेना. विहीणबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या समोर बसल्या होत्या, आणि ताटावर त्यांचा हात आडवा होता, सवयीने. पुढे कोणीच उभं नव्हतं.

मी उठलो, बुंदीचं पातेलं उचललं आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ‘घ्या हो’ म्हणायचं होतं, पण इतक्या लोकांत मला लाज वाटली. नुसताच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी हात बाजूला केला.